माती मेलेली नाही, फरशी बसणार नाही!

मंडळी, आज सकाळी मी परसबागेच्या वाटेत उभी राहिले आणि पेव्हिंग ब्लॉकचा टेम्पो परत पाठवला.

झालं असं की, उन्हाळ्यात आम्ही सावेडीतल्या घरामागे विकतचं शेणखत घातलं. त्यानंतर टोमॅटो, वाल, मिरची, सगळ्यांची पानं पिळवटून गेली. खतवाल्याला खोदून विचारलं, तेव्हा कळलं: त्याच्या गुरांनी तणनाशक मारलेलं गवत खाल्लं होतं. तेच औषध शेणातून आमच्या मातीत आलं.

सासरे म्हणाले, "माती मेली, सूनबाई. फरशी टाकू, गाडी लावायला जागा होईल."

मी ऐकलं नाही. खताचा थर खरवडून काढला. माती पुन्हा पुन्हा खालीवर केली, भरपूर पाणी दिलं. मक्याला ते औषध सहसा बाधत नाही, म्हणून मका पेरला.

आज टेम्पो दारात आला, तशी मी सासऱ्यांपुढे कुंडी धरली. बागेतल्याच मातीत मी वाल लावून पाहिला होता. "अण्णा, आधी ही पानं बघा."

पानं सरळ होती. अण्णांनी ती बोटांनी चाचपली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "माघारी न्या. ही काय ऐकायची न्हाई."

दोन वाफे अजून आजारी आहेत. तिथे यंदा भाजी नाही, पण सिमेंटही नाही!

खत घेताना गुरांनी काय खाल्लं, हे तुम्ही विचारता का? विचारा. उत्तर मिळेपर्यंत खताची पाटी उतरवून घेऊ नका.