पेटीची जागा

कार्ड दुपारच्या टपालाने आले. कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणी तरी वारले, हे वाचण्यापूर्वीच कळले. सुखदेवभाऊ अकोल्याच्या दवाखान्यात गेले, आणि अंत्यविधीही अकोल्यालाच झाला. त्यांचा मुलगा मनोहर माझा विद्यार्थी. त्याचे अक्षर मी ओळखतो. शेवटी त्याने लिहिले होते, ‘गावाला नेता आले नाही.’ ते वाक्य मी दोनदा वाचले आणि कार्ड चष्म्याच्या घराखाली ठेवले. बाहेर ओट्यावर सुखदेवभाऊंची मधमाश्यांची पेटी होती. माश्या नेहमीप्रमाणे ये-जा करीत होत्या. या गोष्टीस आता सहा आठवडे झाले. मला लिहिण्याची सवय आहे ती शाळेच्या अहवालांची. मजकूर कोरडा वाटल्यास वाचकांनी चालवून घ्यावा.

सुखदेवभाऊ मधमाश्या पाळीत. चांदूर बाजारपासून सात-आठ मैलांवर त्यांचे गाव, आणि घरामागे कडुनिंबाखाली त्यांच्या पेट्या. सेमाडोहच्या जंगलात झाडांच्या ढोलींतून सातेरी माश्यांचे मोहोळ शोधायचे, ते पेटीत उतरवून घरी आणायचे, हा त्यांचा उद्योग. परंतु शाळांमधून त्यांची ओळख निराळी होती. एका पेटीस त्यांनी दोन्ही अंगांनी काच बसवून घेतली होती आणि काचेवर लाकडी झडपा. ती ओल्या पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायची, दिवेलागणीला शाळेत पोचायचे, आणि आठवडाभर तिथे ठेवून मुलांना माशी दाखवायची. पार नांदगाव खंडेश्वरपर्यंत ते असे जात. ते माझ्याकडे प्रथम आले तेव्हा मी चांदूर बाजारात हेडमास्तर होतो. हे अभ्यासक्रमात कुठे आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, “कोठीच नाही जी. म्हनून तं आनलं.”

मुलांना ते जमिनीवर बसवीत. बोलणे बंद, श्वास नाकाने. वासाचे तेल लावून आलेल्यास मागच्या रांगेत पाठवीत, कारण तो वास माशीला खपत नाही. मग झडप उघडीत. चाळीस मुले इतकी शांत बसलेली मी माझ्या छडीच्या धाकानेही पाहिली नव्हती. एकाने हळूच विचारले, “बाबा, हे चावते का?” “चावत नाही बापा, डसते. चावते तुही माय, अभ्यास नाही केला तं.” दुसऱ्याने विचारले, राणी कोणती? सुखदेवभाऊंनी काचेवर बोट ठेवले. “जिच्याभवती सारे हात बांधून उभे हायेत, ते. आपल्या हेडमास्तर साहेबासारखी. फक्त तिच्याजवळ छडी नाही.” मी दारातच उभा होतो. हे त्यांना ठाऊक होते, असे माझे मत आहे.

धडा संपला की प्रत्येकाच्या डाव्या तळहातावर मधाचा एक थेंब. हा त्यांचा नेम होता. छप्पन साली त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या भेटीच्या वेळी गावातील एका वजनदार पालकाने लेखी हरकत घेतली, की या माणसाच्या हातचा मध मुलांना चाटवू नये. मी अर्ज फाइलला लावला आणि त्या दिवशी रांगेत सर्वांत आधी माझा तळहात पुढे केला. या गोष्टीचे मला पुष्कळ दिवस समाधान वाटे. म्हणूनच पुढची गोष्टही सांगितली पाहिजे.

त्याच्या पुढल्या वर्षी, माघ महिन्यात, पेटी शाळेच्या दर्शनी ओट्यावर होती. सुखदेवभाऊ दोन दिवसांसाठी गावी गेले होते. अचानक निरोप आला, की तपासणीला साहेब येत आहेत. साहेबांना माशी डसली तर, या विचाराने मी भर दुपारी शिपायाकडून पेटी उचलवली आणि मागे विहिरीजवळ सावलीत ठेवविली. पन्नास पावले. पेटी जराही कलली नाही, काचेला ओरखडा गेला नाही. काम नीट झाले असेच मला वाटले. तपासणीही चांगली झाली. सायंकाळी मी साहेबांबरोबर होतो. ओट्याकडे पाहिले नाही.

सकाळी पाहिले. दर्शनी ओट्यावर, जिथे पेटीचे दार होते तिथेच, माश्यांचा ढीग पडला होता. रात्रीच्या थंडीने बहुतेक मेल्या होत्या. काहींच्या पायांना पिवळा पराग तसाच चिकटलेला होता. थोड्या वेळाने सुखदेवभाऊ आले. सायकल भिंतीला लावून ते खाली बसले.

“कोनं हालवली?”

“मी,” मी म्हणालो. “पन्नास पावले तर होती.”

“तेच तं. दोन पावलं असते तं दार शोधून काढलं असतं. पाच मैल असते तं नवी जागा शिकली असती. पन्नास पावलात जुन्याच जागी परतते अन् मरते ते.” त्यांनी एक माशी बोटावर घेतली. “माशीले जागा समजते गुरुजी, पेटी नाही समजत. तिले काय मालूम, साहेब येऊन राहिले म्हनून.”

आता काय करता येईल, असे मी विचारले. “काईच नाही,” ते म्हणाले. त्या दिवशीच्या धड्यात त्यांनी मुलांना सांगितले, “पेटी हालवाची तं संध्याकाळी. सारे घरी येऊ द्याचे, मंगच दार लावाचं.” मी मागच्या रांगेपाशी उभा राहून ऐकले. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

निवृत्त होऊन मी अमरावतीस आलो. शहरातील शाळांसाठी आले की ते पेटी माझ्या ओट्यावर ठेवीत. यंदा आले आणि दोन दिवसांत तापाने पडले. धाप लागू लागली. मनोहर अकोल्याला सरकारी नोकरीत आहे. मी तार केली, तो आला. सुखदेवभाऊ त्याला म्हणाले, “मले गावाले ने. निंबाखाली खाट टाक, बस.” मनोहरने माझ्याकडे पाहिले. “गुरुजी, तुमी म्हनान तसं करतो.” मी म्हणालो, “अकोल्याला ने. तिथे मोठा दवाखाना आहे.” हा सल्ला योग्य होता. आजही कोणी विचारले तर मी तोच देईन... सुखदेवभाऊ निघताना पेटीपाशी थांबले. “मनोहर, संध्याकाळ होऊ दे. मंग जाऊ.” “बाबा, गाडी दोन वाजता हाये,” मनोहर म्हणाला. त्यांना दोन वाजता नेले.

तीन आठवड्यांनी मी अकोल्यास गेलो. खाटेवर ते बरेच लहान दिसत होते. परिचारिका म्हणाली, हे सारखे उठून दार कुठे म्हणून विचारतात, दाखवले की ते नव्हे म्हणतात. मला त्यांनी ओळखले.

“पेटी?”

“जागची हलवलेली नाही.”

“बरं केलं.” ते थोडे हसले. “मलेच हालवलं...”

प्रवास आता झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. बाहेर व्हरांड्यात मनोहरने विचारले, “गुरुजी, आता काय करू?” तीस वर्षे मी असल्या प्रश्नांना उत्तरे देत आलो. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने मी परत आलो. आठ दिवसांनी कार्ड आले.

गेल्या रविवारी मनोहर पेटी न्यायला आला. भर दुपारी. बाबांची आठवण म्हणून ती अकोल्याच्या क्वार्टरमध्ये ठेवावी, असे त्याच्या मनात होते. “तुमी म्हनान तसं,” तो पुन्हा म्हणाला. मी म्हणालो, “गावाला ने. निंबाखाली ठेव. आणि संध्याकाळ होऊ दे.” आम्ही दोघे ओट्यावर बसलो. ऊन भिंतीवरून उतरले. माश्या एकेक, मग दोन-दोन करीत आत गेल्या. मनोहर म्हणाला, झाल्या साऱ्या. मी त्याला आणखी थोडा वेळ थांबायला लावले, आणि मग माझ्या हाताने दार लावले. ओल्या पोत्यात गुंडाळलेली पेटी मांडीवर घेऊन तो शेवटच्या एस.टी.ने चांदूर बाजारला गेला. कंडक्टरला त्याने काय सांगितले, ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पेटीच्या चार पायांच्या खुणा होत्या. आणि तीन माश्या होत्या. रात्री कुठल्याशा फुलात राहून गेल्या असाव्यात. दार ज्या उंचीवर होते, नेमक्या त्याच उंचीवर त्या फिरत होत्या. मी बशीत गुळाचे पाणी ठेवले. त्यांनी तिकडे पाहिले नाही. दुपारपर्यंत दोन उरल्या. सून ओटा धुवायला बादली घेऊन आली. आज राहू दे, असे मी तिला सांगितले.