झाकून ठेवलेला कॉम्प्युटर

डिसेंबरातल्या एका सोमवारी दुपारी परळीतल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून संदेश आला. सकाळी चहा घेताना त्यांची पत्नी जे बोलली होती, ते त्यात शब्दाला शब्द होतं. तीन आठवड्यांतला हा आठवा संदेश. मागणी नाही, धमकी नाही. फक्त त्यांच्या घरात बोललेली वाक्यं, कधी त्यावर एखादा शेरा. पोलिसातल्या नोकरीत मी शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या. ही विसरता आलेली नाही.

फिर्यादी ठाण्यात आले ते संशयिताला ठरवूनच.

"साहेब, सून हाय. पोरगा पुण्याला नोकरीला. ही दिवसभर बाहेरच्या खोलीत मोबाईल घेऊन बसलेली. दुसरं हाय तरी कोण?"

"ती कशाला करील असं?"

"ते तुमी इचारा. रविवारी पोरगा यायलाय, तिच्या माहेरचे बी बोलावलेत. फैसला करून टाकायचा."

मागे उभ्या एका शिपायाने हळूच म्हटलं, "भूतबीत असंल."

"भुताला सिमकार्ड कुणी दिलं बे?" दुसरा म्हणाला. मी दोघांना बाहेर काढलं आणि स्टेशन डायरीत नोंद घेतली.

सिमकार्ड परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं. ते त्याने कधी घेतलंच नव्हतं. मंगळवारी महिला शिपायाला घेऊन मी त्या घरी गेलो. सून धारूरची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी विचारण्याआधीच तिने आपला मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

"घरातलं बाहेर कुणाला सांगता, बाई?"

"मी कावून सांगू, साहेब? माझंच घर मोडायलंय त्यात." तिचा आवाज चढला नाही. "एक बोलू का? गुरवारी मामंजींचे भाऊ आलते. गळ्याचं ऑपरेशन झालंय, बोलता येत न्हाई त्यान्ला. तासभर इथं बसलते. मीच चहा दिला. त्या दिवशीचा निरोप वाचा."

मी वाचला. 'आज दोघंच बसलात. सोबतीला कुणी नाही वाटतं.'

"दोघं न्हाई, तिघं होते. मी सांगितलं असतं तर तिघं लिवलं असतं ना? निरोप धाडणाऱ्याला ऐकू येतंय, साहेब. दिसत न्हाई."

संशयिताने तपास अधिकाऱ्याला दिशा दाखवावी, हे क्वचित घडतं. मी खोली पाहिली. पलंग, टीव्ही, आणि कोपऱ्यात जाड चादरीने झाकलेला कॉम्प्युटर. परळीत सकाळी पुसलेलं टेबल दुपारपर्यंत औष्णिक वीज केंद्राच्या राखेने करडं होतं, म्हणून घरोघरी वस्तू झाकलेल्या असतात.

"बंद हाय त्यो," फिर्यादी म्हणाले. "आठ दिवस झाले, हात लावला न्हाई."

मी चादरीवर हात ठेवला. बाहेर थंडी होती. चादर कोमट होती.

ती उचलली तेव्हा काळ्या पडद्याच्या वरच्या कडेला एक हिरवा ठिपका दिसला. कॅमेरा चालू होता. त्याच्यासमोर इतके दिवस फक्त चादर होती. मी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचे प्रश्न वहीत लिहून विचारले. फिर्यादींनी उत्तरं खाली लिहून दिली.

कॉम्प्युटर त्यांनी कधीच पूर्ण बंद केला नव्हता. सारखं चालू-बंद केल्यास राखेने पंखा अडकतो, नुसता पडदा बंद करून झाकत जा, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. विकतचा अँटीव्हायरस संपल्यावर त्यानेच पेन ड्राइव्हवरून 'कायमचा मोफत' टाकून दिला होता. पडदा लावला की कोपऱ्यात हिरवी खूण यायची: तुमचा संगणक सुरक्षित आहे.

पंचनामा करून यंत्र सील केलं आणि बीडला सायबर शाखेकडे पाठवलं. अँटीव्हायरसचं पडद्यावरचं चिन्ह तेवढं खरं होतं. त्याच्या आड आवाज आणि कॅमेऱ्यासमोरचं दृश्य टिपून इंटरनेटवरून बाहेर पाठवणारा प्रोग्राम चालत होता. तो जिथे पाठवत होता, ती जागा सापडली: त्या दुरुस्तीवाल्याचंच दुकान.

गुरुवारी दुकानदाराला त्याच्या दुकानातून ताब्यात घेतलं. चाळिशीचा, नम्र, गिऱ्हाइकांचा आवडता माणूस. त्याच्या कॉम्प्युटरवर घराघराचे फोल्डर होते.

"मी कुणाचं काय नेलं, साहेब? नुसतं ऐकायचो."

"मग संदेश त्याच घराला कशाला?"

"त्या घरात लई हसायचे," तो म्हणाला. "निरोप जायला लागल्यापासून हळू बोलायचे. मग बंदच झाले."

त्या आठवड्यात आम्ही इतर घरं शोधत फिरलो. प्रत्येक घरी तेच सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये मुळातच जे संरक्षण येतं ते चालू ठेवा आणि अपडेट थांबवू नका. वेगळा अँटीव्हायरस हवा असेल तर पावती आणि परवाना असलेलाच घ्या, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवा. एका वेळी एकच ठेवा. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नका. काम संपलं की पूर्ण बंद करा. बहुतेकांनी मान हलवली. एका घरात वृद्ध बाईंनी विचारलं, "आत्ता ऐकायलाय का त्यो?"

शनिवारी आवाज ओळखण्यासाठी फिर्यादींना ठाण्यात बोलावलं. शेवटी ऐकवलेली फाईल फिर्याद देण्याच्या आदल्या दिवसाची होती. दार लागल्याचा आवाज. मग सून, अगदी जवळून.

"कोण हाईस रे तू? घरात कुणी न्हाई आता. माझ्यावर आळ आलाय. तुला तर ठाव हाय मी न्हाई ते. एकदा त्यान्ला तेवढं कळव."

पुढे चार मिनिटं तिचा श्वास ऐकू येत होता. मग फाईल संपली.

त्याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदीप्रमाणे दुकानदाराने ती चौदा वेळा ऐकली होती. त्या फाईलमधलं एकही वाक्य त्याने पाठवलं नव्हतं.

फिर्यादींनी आवाज सुनेचा असल्याचं सांगून जबाबावर सही केली. रविवारची फैसल्याची बैठक झाली नाही. सोमवारी सून ठाण्यात आली, जबाब दिला आणि दुपारच्या बसने धारूरला गेली. बॅग उचलून सासरे स्टँडपर्यंत तिच्या मागे चालत गेले होते.

चार महिन्यांनी न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झालं. साक्षीदारांच्या यादीत तिचा पत्ता अजून माहेरचा, धारूरचा होता.