लाल रेघेच्या आधी

वस्तीत तिला सगळे स्विचबाई म्हणतात. कुणी तरी एकदा लग्नाच्या आमंत्रणावरही तेच नाव घातलं होतं. नदीकाठच्या वीज उपकेंद्रात ती ऑपरेटर आहे. दवाखाना, पाण्याचे पंप, घराघरांतले दिवे आणि थोरल्या बहिणीची अंडी उबवायची शेड, सगळं तिथूनच चालतं.

"माझा अख्खा संसार तुझ्या एका बोटावर," ताई चिडवायची.

"मग बोटाला जप. कांदे तू चीर."

मागच्या पुरात उपकेंद्रातली पॅनेलं चालू असतानाच पाण्यात गेली आणि जळाली. नवी येईपर्यंत कित्येक आठवडे अंधार होता. त्यानंतर सगळी पॅनेलं उंच ओट्यावर चढवली आणि खोलीच्या भिंतीवर एक लाल रेघ ओढली. पाणी रेघेला टेकलं की कुणालाही न विचारता सगळी वीज बंद करायची. त्याआधी बंद करायची असेल तर साहेबांची परवानगी हवी. रेघ तिनेच ओढली होती. लाइनमन रंगाचा डबा धरून उभा होता.

"सरळ ओढा बाई. शाळेत भूमिती नव्हती का?"

"होती. पट्टी तुमच्यासारख्यांनी पळवली होती."

यंदा नदी भर दुपारी रस्त्यावर आली. स्विचबाई रेघेवर नजर ठेवून बसली. खोलीतली फरशी अजून कोरडी होती. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"जनरेटर बुडाला गं. खालच्या शेडमध्येच ठेवला होता मी, अक्कल गहाण टाकून. पिल्लं अंड्यांना आतून चोच मारायला लागलीत. उद्या सकाळपर्यंत वीज दे, मग काय हवं ते कर."

"रेघेला पाणी लागेपर्यंत चालू आहे, ताई."

"शब्द दे."

"दिला."

फोन ठेवला आणि तिला शेजारच्या खोलीतून बुडबुड ऐकू आली. ती खोली बॅटऱ्यांची, दोन पायऱ्या खाली. केबलच्या नालीतून पाणी वर येऊन तिथल्या फरशीवर पसरत होतं. ती दारातच थबकली. ओटा बांधला, रेघ ओढली, पेढे वाटल्यासारखे सगळे खूश झाले. पण या बॅटऱ्या उचलायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिच्याही नाही. दर आठवड्याला त्यांत पाणी घालायला तीच तर येत होती.

पॅनेलवरचं बटण दाबलं की ब्रेकर उघडून वीज तुटते, ती याच बॅटऱ्यांच्या जोरावर. त्या बुडाल्या की पॅनेल मुकं. मग पाणी रेघेला लागलं तरी बटण नुसतं दाबत बसायचं. हाताने उघडायची सोय होती, पण पाण्यात उभं राहून जिवंत पॅनेलला हात कोण लावणार?

तिने साहेबांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"थांबू या थोडं," लाइनमन म्हणाला. "पाणी इथंच थांबेलही. ताईंना शब्द दिलाय तुम्ही, मी ऐकलं."

"आणि नाही थांबलं तर?"

त्याने रेघेकडे पाहिलं. रेघ कोरडी ठणठणीत होती.

तिने आधी दवाखान्यात फोन करून तिथला जनरेटर चालू करायला सांगितलं. मग ताईला लावला. तिकडून नुसताच "हॅलो" आला, मागे यंत्रांची घरघर.

"ताई, बंद करतेय."

"पाणी लागलं रेघेला?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली.

फोन कानाला तसाच धरून तिने एकेक बटण दाबलं. खटके उडत गेले. शेवटच्या खटक्यानंतर फोनमधली घरघरही थांबली.

पाणी रेघेपर्यंत आलंच नाही. बॅटऱ्यांच्या स्टँडचे पाय भिजले आणि नदी तिथूनच परतली. खोल्या वाळवून तपासल्यावर तिसऱ्या दिवशी वीज सुरू झाली. साहेब येऊन दोन्ही खोल्या बघून गेले. रागावले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. वस्तीत मात्र बोलणं सुरू होतं: स्विचबाई घाबरली, उगीच सगळ्यांना अंधारात बसवलं. न जळलेलं पॅनेल कुणाला दाखवता येत नाही. आणि तिला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं? थांबली असती तर कदाचित काहीच बिघडलं नसतं.

ती शेडवर गेली. आत कोंदट, आंबूस वास होता. ताई हातमोजे घालून ट्रे रिकामे करत होती. काही अंड्यांना चोचीएवढी भोकं पडली होती, त्यापुढे काही नाही. तिने मान वर केली नाही. स्विचबाईने खुंटीवरचे दुसरे हातमोजे घेतले आणि समोरचा ट्रे ओढला.

"पुन्हा असं झालं तर?" ताईने विचारलं.

"रेघ काल खाली घेतली, बॅटऱ्यांच्या खोलीत. तिथं पाणी लागलं की बंद करीन."

ताईने पुढचा ट्रे तिच्यासमोर आदळला.

"जनरेटर वर चढवायला माणसं लागतील," ती म्हणाली. "तुझ्या त्या लाइनमनला सांग."