मधल्या रिकाम्या रकान्याची पट्टी

डोळ्यांच्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर नोंदणी विभाग आहे. खिडकीतून पाण्याची टाकी आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात. तिथल्या छत्तीस वर्षांच्या कारकुनाला सगळे ‘फॉर्म्युला’ म्हणतात. साहेब लोकही म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

नाव त्याने कमावलेलं आहे. पुढचा आठवडा सोडून त्यानंतरच्या आठवड्यातल्या शस्त्रक्रियांची यादी करायला पूर्वी दोन माणसांचा अख्खा शुक्रवार जायचा. एक जण केसपेपर वाचायचा, दुसरा टाइप करायचा, आणि संध्याकाळी दोघांचं भांडण व्हायचं. फॉर्म्युलाने ते काम वीस मिनिटांवर आणलं. केस नंबर टाकला की नाव, फोन, डोळा उजवा की डावा, सगळं आपोआप येतं. एकाच माणसाला दोन तारखा गेल्या तर ओळ लाल होते. माउसला तो शक्यतो हात लावत नाही. कुणी मेन्यू उघडून एकेक गोष्ट शोधायला लागलं की त्याला बघवत नाही. ‘‘सरका जरा,’’ म्हणतो आणि दोन कळांत काम उरकून देतो.

वर्षातून दोनदा तो इतर विभागांच्या लोकांना शिकवतो. त्याचा पहिला धडा ठरलेला आहे : तक्त्याच्या मध्ये रिकामा रकाना ठेवू नका. कॉम्प्युटर त्याला भिंत समजतो. अलीकडचा तक्ता वेगळा, पलीकडचा वेगळा.

आणि नेमका तोच रकाना त्याने स्वतः ठेवला. यादी दिसायला मोकळी वाटावी म्हणून. डावीकडे तारीख आणि वेळ, मग एक बारीक कोरी पट्टी, उजवीकडे केस नंबर, नाव, फोन. एका शुक्रवारी यादी छापून ऑपरेशन थिएटरला गेल्यावर त्याने तारखा क्रमाने लावून टाकल्या. लेखा विभागातले दोघे बघायला आले होते आणि त्यांना वेग दाखवायचा होता. एका झटक्यात तारखा सोमवार ते शुक्रवार ओळीने लागल्या. नावं मात्र जागची हलली नाहीत. ‘‘वा!’’ लेखावाले म्हणाले. त्याने फाइल तशीच सेव्ह केली.

ही यादी बघून रुग्णांना फोन करायचं काम ताईंचं. ताई छप्पन्न वर्षांच्या, बावीस वर्षं याच टेबलावर. फोनवर त्या मोठ्याने आणि सावकाश बोलतात, कारण पलीकडचा माणूस बहुतेक वेळा म्हातारा असतो. ‘‘आजोबा, थेंब तीन दिवस आधीपासून. नाही, तीन थेंब नाही, तीन दिवस!’’ हे वाक्य त्या विभागात सगळ्यांना पाठ आहे. त्या सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी नेहमीप्रमाणे चाळीस फोन केले. त्यातल्या एकतीस जणांना चुकीची तारीख सांगितली गेली.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊला रांगेत गोंधळ झाला. ज्यांची शस्त्रक्रिया होती त्यांतले दोघेच आले. ज्यांची नव्हती असे पाच जण थेंब घालून, हातात पिशव्या घेऊन बसलेले. त्यांना आत घेता येईना, कारण आणून ठेवलेल्या लेन्स दुसऱ्यांच्या मापाच्या होत्या. एक आजोबा तीन तास प्रवास करून आले होते. मुलीने रजा टाकली होती. त्यांना थेट पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. मुलगी ताईंच्या टेबलापाशी येऊन जे बोलली ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

फॉर्म्युलाने तोवर फाइल उघडली होती. चूक शोधायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. छापण्याआधीची प्रत त्याच्याकडे होती, ती त्याने जागेवर ठेवली. कोरा रकाना काढून टाकला. दहा मिनिटांनी व्यवस्थापक मॅडम खाली आल्या आणि त्यांनी थिएटरची यादी पडद्यावरच्या यादीशी ताडून पाहिली. दोन्ही सारख्या.

‘‘ताई, ओळ चुकली असेल का वाचताना?’’ मॅडमनी विचारलं.

ताईंनी चष्मा काढून पुसला. ‘‘असेल. दुसरं काय असणार?’’

तो तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता. राहिलेल्या लोकांना पुन्हा फोन करायला त्याने दुपारभर मदत केली, आणि ताई त्याला ‘‘तू होतास म्हणून निभावलं’’ असं म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ताईंनी खालच्या मजल्यावर डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. ताईंचा विश्वास बसला नाही. त्या पडद्यावर पट्टी धरून वाचू लागल्या. प्रत्येक तारीख शेजारच्याकडून खात्री करून घ्यायच्या. दोन दिवसांचे फोन चार दिवसांवर गेले. मग मॅडमनी ठरवलं की एक तारखेपासून रुग्णांना मोबाइलवर संदेश जातील आणि ताई चादरींच्या भांडारात बसतील.

फॉर्म्युलाने घरी बायकोला सांगितलं, तेही भांडी विसळता विसळता, तिच्याकडे पाठ करून.

‘‘त्यांनी डोळे तपासून घेतले,’’ बायको म्हणाली, ‘‘आणि तू बघत बसलास?’’

‘‘आता सांगितलं तर मी फाइल बदलली हेही निघेल.’’

‘‘निघू दे की. का तिथेही तुझा शॉर्टकट आहे?’’

महिनाअखेरीला दोन दिवस उरले तेव्हा ताईंनी त्याला हाक मारली. ‘‘अरे फॉर्म्युला, जरा ये. ही बारा तारीखच आहे ना? मला सतरा वाटत नाही, पण तू बघ.’’

बाराच होती. तो उभा राहिला आणि मग खुर्ची ओढून बसला.

‘‘ताई, त्या दिवशी तुम्ही बरोबर वाचलं होतं. यादीच चुकीची होती. माझ्याकडून.’’

ताईंना कळेना. त्याने यादीची प्रत काढली, मधे कोरा रकाना घातला आणि तारखा लावून दाखवल्या. डावीकडचं सगळं सरसर हललं. नावं तशीच.

‘‘परत कर,’’ ताई म्हणाल्या. त्याने परत केलं. ‘‘अजून एकदा.’’

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

‘‘म्हणजे मॅडम आल्या तेव्हा तुला माहीत होतं.’’

‘‘हो.’’

‘‘तीन आठवडे मी औषधाच्या पट्टीवरची तारीख नवऱ्याला वाचायला लावते आहे. तो म्हणतो, अगं, मलाच कुठे दिसतंय! आम्ही दोघं हसतो त्यावर. हसतो!’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. शेजारचे तरीही टाइप करायचे थांबले. ‘‘वर जा आणि मॅडमना सांग. मी सोबत येणार नाही.’’

मॅडमनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. ‘‘आता हे उकरून काय मिळणार? संदेशांचं तर ठरलंच आहे.’’

‘‘मग ताईंच्या बदलीच्या कागदावर ‘वाचनातील चुका’ असं आहे ते काढा. आणि माझं हे जोडा.’’ त्याने लिहून आणलं होतं. अर्धं पान, फाइल बदलल्याची वेळ घालून.

त्याला ताकीद मिळाली आणि शिकवण्याचं काम काढून घेतलं गेलं. ताईंची बदली रद्द झाली. संदेश जातात, पण थेंबांचं सांगायला ताईच फोन करतात. त्या त्याच्याशी कामापुरतं बोलतात. एकतीस जणांना खुलासा करायचा असं ठरलं तेव्हा मात्र त्यांनी फोन उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. ‘‘हे तू करायचं. एकेकाला.’’

सातवा फोन आजोबांच्या घरी लागला. मुलीने घेतला. त्याने एका दमात सांगितलं की तारीख सांगणाऱ्या बाईंची चूक नव्हती, माझी होती.

‘‘मी त्यांना नको नको ते बोलले हो,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आहेत का त्या तिथे?’’

ताई समोरच होत्या. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

‘‘आहेत,’’ तो म्हणाला, ‘‘पण त्यांना आत्ता बोलायचं नाहीये.’’

मग त्याने सातव्या नावासमोर खूण केली आणि आठवा नंबर फिरवला.