आत्याचा साबण

आत्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायची. बाबा म्हणायचे, "लोक कोंबड्या पाळतात, आमची बहीण जंतू पाळते." लग्न केलं नाही म्हणून नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं, तिने कुणाला भीक घातली नाही. तिचा जीव दोघांतच अडकलेला, जंतूंत आणि दादात, म्हणजे माझ्या बाबांत.

बाबा गॅरेजवाले. आयुष्यभर रॉकेल आणि सोड्याने हात धुऊन कातडी फाटलेली, भेगांत काळं तेल मुरलेलं. मला मुलगी झाली तेव्हा त्यांनी हात पाठीमागे नेले. "या हातांनी हा लोण्याचा गोळा कसा घेऊ? आधी हात स्वच्छ होऊ देत." साध्या साबणाने काळं निघेना, कडक साबणाने रक्त निघे.

आत्याने ते मनावर घेतलं. गॅरेजच्या अंगणात वर्षानुवर्षं तेल गळत होतं. तिथली माती ती डबीत भरून घेऊन गेली. अशा मातीतले काही जिवाणू तेलावर जगतात आणि ते फोडता यावं म्हणून स्वतःच साबणासारखा पदार्थ तयार करतात. सांडलेलं तेल, तेलाने नासलेली जमीन, मलमं, कुठेकुठे त्याचा उपयोग होऊ शकेल ते ती रंगात येऊन सांगायची. आम्हाला कप्पाळ कळायचं! पण एकदा तिने बशीतल्या पाण्यावर तेलाचा थर पसरला, त्यावर जिवाणू गाळून काढलेल्या पाण्याचा थेंब सोडला, आणि तेल चहूबाजूंनी मागे सरकलं. मधे स्वच्छ गोल. बाबा खुदकन हसले. उरलेल्या पाण्याने त्यांचा अंगठा धुतला, तर काळं निघालं आणि आगही झाली नाही.

"आता बाकीच्या बोटांचं बघ," ते म्हणाले.

मग बाबांच्या हृदयाचं दुखणं निघालं. आत्या इस्पितळात त्यांच्या उशाशी. मधूनच धावतपळत प्रयोगशाळेत जायची आणि जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना साखरेचं, भरपूर पोषणाचं पाणी घालून यायची. मूळचे थोडे जिवाणू राखीव म्हणून गोठवून ठेवायचं, आज करू उद्या करू म्हणत राहून गेलं.

बाबा घरी आल्यावर तिने थेंब टाकून पाहिला. तेल जागचं हललं नाही. जिवाणू जिवंत होते, चांगले फोफावले होते, पण आयतं खाऊन तेल फोडायचं विसरले होते. फाजील लाडाने मुलं वाया जातात, तशातली गत. पुन्हा तेलावर ठेवले तरी ते ताळ्यावर आले नाहीत. ती गॅरेजकडे धावली, तर बाबांनी आजारपणात सोडलेल्या त्या जागेत नव्या भाडेकरूने अंगणभर काँक्रीट ओतलेलं.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाबा रोज विचारायचे, "झाली का गं बाटली?" आणि तिची सांगायला जीभ रेटेना. शेवटी तिने भांड्यांचा साबण पातळ करून बाटलीत भरला.

बाबांनी हात चोळले आणि ओठ आवळले.

"झोंबतंय का रे दादा?"

"छे गं, गार वाटतंय."

रोज चोळत राहिले. काळं तसंच, भेगा मात्र उघडल्या. मी बाळाला पुढे केलं की म्हणायचे, "थांब जरा, आत्याचा साबण लागू पडतोय." एकदा बोटांतून रक्त आलेलं पाहून मी ओरडले, "फेकून द्या ती बाटली!" ते माझ्यावरच डाफरले, "तिच्यादेखत असं बोलू नकोस. माझ्यासाठी खपलीय ती."

बाबा सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बाळाला एकदाही न घेता.

माणसं पांगल्यावर आत्याने मला सगळं सांगितलं. मला तिचा भयंकर राग आला. अजून येतो. आणि तिला जवळ घेतल्याशिवाय राहवलंही नाही. ती माझ्या खांद्यावर हुंदके देत म्हणाली, "जमलं नाही रे दादा, असं मी सरळ सांगितलं असतं ना, तर त्याने काळ्या हातांनीच तिला घेतलं असतं गं."