स्वस्तातली सात हत्यारं

चिमटेरावांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. दातांच्या डॉक्टरांच्या हाती सव्वीस वर्षं चिमटे देता देता हे नाव त्यांना चिकटलं होतं. डॉक्टरांनी मागे न बघता नुसता पंजा पुढे करायचा आणि यांनी हवं ते हत्यार त्यात अलगद ठेवायचं. संध्याकाळी सगळी हत्यारं उकळून, पुसून, ओळीने मांडायची की दिवस संपला.

अशा माणसाला बावन्नाव्या वर्षी कुलपांचं वेड लागलं. मोबाइलवर कुणीतरी किल्लीशिवाय कुलूप उघडताना त्यांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, अरे, हे तर आपलंच खातं. अंधारं तोंड, आत ओळीने उभ्या खुंट्या आणि हातात वाकड्या टोकाची सळई. फरक एवढाच, की इथे हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं.

त्यांनी सगळ्यात स्वस्त संच मागवला. सात बारीक आकडे, कुलपाला फिरवायला दोन वाकड्या पट्ट्या आणि ते ठेवायला चामड्यासारखं दिसणारं पाकीट. आल्याआल्या त्यांनी सवयीने सगळं वीस मिनिटं उकळलं आणि ओल्या फडक्यावर मांडून ठेवलं. सकाळी सातही आकडे तांबूस.

"जावईबापू, चहात बुडवले होते का हो?" सासूबाईंनी विचारलं.

सासूबाई लेकीकडेच राहायच्या. कानाने बऱ्याच कमी, पण नजर आणि जीभ शाबूत. त्यांनीच शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणि बारीक पॉलिश पेपर काढून दिला. म्हणाल्या, "स्वस्त वस्तूचे लाड जास्त."

तेव्हापासून लाड सुरू झाले. दर रविवारी गंज काढायचा, टोकांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या म्हणजे कुलूप आतून खरवडलं जात नाही, वाकलेले आकडे चिमट्याने सरळ करायचे आणि तेलाचं बोट फिरवायचं. लाडाला नियमही होते. कुलूप स्वतःचंच हवं, आणि दाराला लावलेलं नको. सरावाला म्हणून चार कुलपं एका फळीवर बसवली होती. चिमटेराव त्यांना कान लावून बसत. खुंटी जागेवर बसली की बारीक 'खुट्' होतं, ते ऐकायचं असे. घरात शिंकायची चोरी झाली.

"अहो, पंखा लावू का?" बायको विचारायची. "की कुलूप झोपलंय अजून?"

हे सगळं मेहुण्याच्या कानावर गेलं. बायकोच्या या धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि कुलपं त्याचा जीव की प्राण. एका रविवारी तो पितळी, जाडजूड कुलूप घेऊन आला आणि ते टेबलावर आदळलं.

"दाजी, ती दात कोरायची काड्यापेटी आहे ना तुमची, तिने हे उघडून दाखवा. पुढच्या रविवारी, पाच मिनिटांत. जमलं, तर दुकानातली पडून असलेली सगळी कुलपं तुमची. नाही जमलं, तर हत्यारं माझ्या भंगारात आणि हा नाद बंद."

चिमटेराव 'बघू' म्हणणार होते. तोंडातून निघालं, "ठरलं."

आठवडाभर सराव चालला. पितळी कुलूप कधी दहा मिनिटांत उघडायचं, कधी तासभर हसत बसायचं. त्यात भर म्हणजे तिसरा आकडा दररोज थोडासा वाकलेला सापडे आणि त्याला केसांच्या तेलाचा वास येई. त्यांनी स्वतःचं डोकंसुद्धा हुंगायचा प्रयत्न केला. टकलाला कसलं तेल?

रविवार उजाडला. दवाखान्यातलं, दातांचा साचा घट्ट होईपर्यंत लावतात ते, वेळ संपली की घंटी वाजवणारं चावीचं घड्याळ पाच मिनिटांवर लावून टेबलावर आलं. चिमटेरावांनी कुलपाला कान लावला, आणि मेहुण्याने बिस्किटाचा कुरकुरीत पुडा फोडला.

"हळू खा रे," बहीण म्हणाली.

"ताई, बिस्किटं हळू खायची म्हणजे चोखायची का?"

मग तो खाकरला, वर्तमानपत्र झटकलं, फोनवर गिऱ्हाइकाशी बिजागऱ्यांबद्दल मोठमोठ्याने बोलला. चिमटेरावांना एकही 'खुट्' ऐकू येईना. अडीच मिनिटं गेली. घाम नाकावरून कुलपात टपकला.

तेवढ्यात शेजारून एक पंजा पुढे आला. चिमटेरावांनी मान वर न करता हातातलं हत्यार त्यात ठेवलं. सव्वीस वर्षांची सवय ती. बघतात तर पंजा सासूबाईंचा.

सासूबाईंनी कुलूप मांडीवर घेतलं, खिडकीबाहेर बघत आकडा चाळवला, आणि तीस मोजेपर्यंत कुलपाची कडी वर उडाली. पंख्याखाली केसांच्या तेलाचा वास दरवळला.

"आई, तू?" मेहुण्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "कधी शिकलीस?"

"दुपारी मला दुसरं काय काम असतं?"

"पण तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"हो, सोपं आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता.

"हे चालायचं नाही," मेहुणा म्हणाला. "पैज दाजींची होती."

सासूबाईंनी कडी दाबून कुलूप बंद केलं आणि जावयापुढे ठेवलं. चिमटेरावांच्या खिशातून डोकावणाऱ्या, दाढेशी ठेवायच्या कापसाच्या दोन गुंडाळ्या काढल्या आणि त्यांच्या दोन्ही कानांत खुपसल्या. मग स्वतःची तर्जनी त्यांच्या नाकासमोर नाचवली. इथे ऐका.

जग एकदम गप्प झालं. आणि बोटाच्या टोकाशी, मऊ पोलादाच्या त्या काडीतून, एक खुंटी हळूच बसली. मग दुसरी. चिमटेरावांना हसू फुटलं. इतके दिवस कुलूप हाताशी बोलत होतं आणि हे कान लावून बसले होते. तिसरी बसली, निसटली, पुन्हा बसली. चौथी. पाचवी.

कडी उडाली.

त्यांनी मान वर केली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. घड्याळ टेबलावर नव्हतं, ते मेहुण्याच्या मुठीत होतं आणि त्याचा अंगठा घंटीवर घट्ट दाबलेला होता.

"झाली का रे पाच मिनिटं?" चिमटेराव बहिऱ्या माणसासारखे ओरडले.

मेहुण्याने आईकडे पाहिलं, मूठ पाठीमागे नेली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाला, "अजून आहेत, दाजी."