टीव्हीतला गरीब

काय सांगावं बाबांनो, जन्मभर गावाला टोप्या घातल्या, पण एकदा माझी टोपी माझ्याच डोक्यावर बसली. तीबी टीव्हीपायी.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. निलंग्याच्या अंगाला आमचं गाव. दुष्काळानं विहिरीचा तळ दिसून राहिला होता. टँकरसाठी अर्ज देऊन थकलो. तेवढ्यात सांगावा आला, टीव्हीवाले दुष्काळाचं चित्र घ्यायला येणार. सरपंच म्हणाला, गाव टीव्हीत दिसलं की टँकर आलाच समजा. मग तयारी कुणाकडं? माझ्याकडं. ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर रोज पहिल्या रांगेत मीच की!

टीव्हीतला श्रीमंत ठावं हाय ना? घरातबी बूट घालून हिंडतो. अन् गरीब? धुतलेला सदरा, खांद्यावर एकच चौकोनी ठिगळ, गालाला जराशी काजळी. म्हातारी असली की खोकतीच. मला सगळं पाठ.

माझ्यासकट पाच जणांचे लग्नकार्याला ठेवलेले सदरे आणवले अन् शिंप्याकडून ठिगळं लावून घेतली. गालांना तव्याची काजळी फासली. शेजारच्या बायजाकाकूला खोकायला शिकवाया गेलो, तर ती म्हणाली, "मेल्या, घसा कोरडाच हाय. शिकवतो काय?"

माझी कारभारीण तेवढी ऐकंना. घागर घेऊन विहिरीकडं निघता निघता म्हणाली, "अंगातला सदरा काय कमी फाटका हाय? लग्नातला कशाला कापून राहिलात?"

"टीव्हीत असला चालत न्हाई," मी म्हणालो. अन् अंगातला काढून दारातल्या दोरीवर टाकला.

जीप आली. मी काठी टेकत पुढं झालो. बायजाकाकू लई झकास खोकली. टीव्हीच्या साहेबानं आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं अन् सरपंचाला हळूच विचारलं, "ही नाटक मंडळी कुठून आणली? गावातली माणसं कुठं आहेत?"

आठ दिवसांनी अख्खा गाव टीव्हीसमोर. पहिल्यांदा दिसली माझी कारभारीण, विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी खरडताना. मग आमचं दार. दोरीवर माझा सदरा. पाठीला एवढं भोक, की त्यातून मागचा लिंब दिसला! टीव्हीतली बाई जड आवाजात बोलली, की इथल्या माणसांचे हाल हा सदराच सांगतो.

आमची नाटक मंडळी? एकबी न्हाई.

टँकर मात्र त्याच आठवड्यात आला. आजबी नातवंडांना मी छाती फुगवून सांगतो, त्या दुष्काळात गावाला पाणी माझ्या सदऱ्यानं आणलं.

कारभारीण चुलीपासून म्हणते, "हाव. तुम्ही त्याच्यात नव्हता म्हणून."